दोन बोटं, दोन मलमं आणि निकाल उलटाच (स्क्लेरोडर्माचे व्रण)

गारठा

स्क्लेरोडर्माला (कातडी कडक, जाड करणारा आजार) नऊ वर्षं झाली. रेनो, म्हणजे गारव्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळणं, त्याच्याही आधीपासून. गार पाण्यात हात गेला की बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल आणि ठणका, हे सगळं आता अंगवळणी पडलंय. व्रण मात्र अंगवळणी पडत नाहीत. या थंडीत तीन झाले. उजव्या तर्जनीच्या टोकाला एक, डाव्या मधल्या बोटाच्या टोकाला एक, आणि उजव्या अनामिकेच्या मधल्या सांध्यावर, जिथे कातडी ताणून चकचकीत झालीये, तिथे एक.

डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरिनचं मलम लिहून दिलं. छातीत दुखण्यावर वापरतात तेच औषध, इथे बोटाला लावायचं. घरी आले आणि डोक्यात किडा वळवळला. दोन टोकांना दोन व्रण, साधारण एकाच आठवड्यात उघडलेले. मग एकाला खरं मलम आणि दुसऱ्याला नुसतं व्हॅसलिन लावून का बघू नये? डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, दोन्हीकडे रोज स्वच्छ पट्टी होणार असेल आणि लाली किंवा पू दिसला की त्याच दिवशी येणार असाल तर करा. सांध्यावरचा व्रण या खेळात घेतला नाही, त्यावर साधं फोमचं ड्रेसिंग.

दर रविवारी खिडकीशी बसून, बोटाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. वहीत लांबी-रुंदी आणि दुखणं शून्य ते दहा. सुरुवातीला तर्जनी (नायट्रो) ५ मिलिमीटर, दुखणं ८. मधलं बोट (व्हॅसलिन) ४ मिलिमीटर, दुखणं ५.

निकाल ऐका. व्हॅसलिनचं बोट सहाव्या रविवारी बंद. नायट्रोचं बोट आठव्या रविवारीही दीड मिलिमीटर उघडं, वर रोज डोकेदुखी.

मला कळत नाहीये की यातून काय समजायचं. औषध निरुपयोगी? की व्हॅसलिनच भारी? विचारायचं कारण असं की व्रणावर लावायच्या एका जेलची चाचणी सुरू होतेय आणि भाग घ्याल का अशी विचारणा झालीये. वरून लावायच्या औषधांचा खरंच काही पुरावा आहे का, आणि तो शोधतात कसा? ज्यांनी भोगलंय किंवा ज्यांना कळतं त्यांनी सांगा.

शंकेखोर

वही ठेवलीत हे फार आवडलं. आता शंका.

कोणत्या बोटाला काय लावायचं हे ठरवलं कसं? नाणं उडवून, की "जे जास्त दुखतंय त्याला खरं औषध" असं?

दुसरी शंका. तुम्ही उजव्या हाताने कामं करता का? उजवी तर्जनी म्हणजे लिहायला, बटणं लावायला, फोन दाबायला. डाव्या मधल्या बोटाला दिवसभरात काम किती?

तिसरी आणि महत्त्वाची. सोबत सिल्डेनाफिल (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) चालू नाही ना? नायट्रेट (नायट्रोग्लिसरिन त्यातलंच) आणि सिल्डेनाफिल एकत्र म्हणजे रक्तदाब धाडकन कोसळतो. मलम कातडीतून रक्तात जातंच, तुमची डोकेदुखी त्याचीच खूण आहे. आधी याचं उत्तर द्या, बाकीचं सावकाश.

गारठा

सिल्डेनाफिल नाही. रेनोसाठी निफेडिपिनची गोळी चालू आहे, डॉक्टरांना माहीत आहे, पहिले काही दिवस रक्तदाब रोज मोजायला लावला होता.

बाकी दोन्ही शंकांवर गुन्हा कबूल. जे जास्त दुखत होतं त्यालाच खरं औषध दिलं. आणि हो, मी उजवी.

कोवळं_ऊन

वाचतेय. मला निदान होऊन सहाच महिने झालेत. अजून व्रण नाही, पण टोकांना बारीक खळगे पडलेत. ते व्रणच का? आणि व्रण सगळ्यांनाच होतात का? भीती वाटते.

मलमपट्टी

कोवळं ऊन, खळगे म्हणजे बहुतेक वेळा रक्त कमी पडल्याने टोकाची पेशी आटून राहिलेली खूण. वरची कातडी शाबूत असते, म्हणून तो व्रण नव्हे. पण डॉक्टरांना दाखवाच, कारण जाड झालेल्या कातडीखाली व्रण लपलेला असू शकतो. सगळ्यांना होत नाहीत. साधारण निम्म्या रुग्णांना कधी ना कधी होतात आणि ज्यांना होतात त्यांना बहुधा आजाराच्या पहिल्या काही वर्षांतच पहिला होतो. ऊब आणि धूम्रपानापासून लांब राहणं, या दोन गोष्टी आजपासून तुमच्या हातात आहेत.

आता गारठाताई. मी जखमांच्या ड्रेसिंगचं काम करते, म्हणून त्याच बाजूने बोलते.

तुम्ही व्हॅसलिनला "काही नाही" असं धरलंत, घोळ तिथून सुरू झाला. उघड्या जखमेवर नव्या पेशी कडेकडून सरकत आत येतात. जखम कोरडी पडून खपली धरली तर त्यांना खपलीखालून वाट काढावी लागते. ओलसर राहिली तर त्या सरळ सरकतात. व्हॅसलिन नेमकं तेच करतं, ओल उडू देत नाही. शिवाय पट्टी चिकटत नाही, म्हणजे रोज बदलताना नवी कातडी ओरबाडली जात नाही. हायड्रोकोलॉइडच्या (जखमेवर चिकटवायच्या, ओल धरून ठेवणाऱ्या) चकत्यांचं तत्त्वही हेच, आणि त्या लावल्यावर स्क्लेरोडर्माच्या रुग्णांचं दुखणं कमी झाल्याचं १९८०च्या दशकाच्या अखेरीसच नोंदलं गेलंय. उघड्या मज्जातंतूंना हवा लागत नाही, म्हणून दुखत नाही, इतकं साधं आहे ते.

म्हणजे तुम्ही "औषध की काही नाही" असं बघितलंच नाही. तुम्ही एका उपचाराची दुसऱ्या उपचाराशी गाठ घातलीत.

एक सावधगिरी सगळ्यांसाठी: ओलसर ठेवा हा नियम काळ्या, कोरड्या, वाळलेल्या टोकाला लागू नाही. ते कोरडंच ठेवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. आणि बोट अचानक निळं-पांढरं पडून तसंच राहिलं, ऊब देऊनही रंग परतला नाही आणि असह्य दुखत असेल, तर धागे वाचत बसू नका, तातडीने रुग्णालय गाठा.

अनुभवाचे_बोल

इतका कीस कशाला पाडायचा? मला नायट्रोने बरं वाटतं, लावलं की अर्ध्या तासात बोट गरम होतं. ज्याला गुण येतो त्याने लावावं. आमच्यासारख्यांना चाचण्यांची वाट बघायला वेळ नाही.

शंकेखोर

बोट गरम होणं आणि व्रण भरणं या दोन गोष्टी एकच आहेत असं तुम्ही गृहीत धरलंय. मला आधी वाटायचं की मलमाने बोट गरमसुद्धा होऊ नये. या आजारात बोटाच्या धमन्यांची भिंत आतून जाड होऊन वाटच अरुंद झालेली असते. वरून लावून आत रक्त कुठून येणार, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून?

पण मी चुकीचा निघालो हेही सांगतो. मँचेस्टरच्या गटाने २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लेझरने बोटातलं रक्त मोजलं. व्रणाच्या मधोमध रक्त सर्वांत कमी, कडेला जास्त. नायट्रोग्लिसरिन लावल्यावर मधलं रक्त वाढलं, टोकावरच्या व्रणात आणि सांध्यावरच्या व्रणातही. सांध्यावरचा व्रण नुसता ताण आणि धक्क्याने होतो असं मानायचे, तिथेही रक्ताचा वाटा आहे असं त्यातून दिसलं. म्हणजे आडात थोडं होतं.

पण त्या अभ्यासात औषध लावल्यावर रक्त किती वाढतं एवढंच मोजलं. व्रण लवकर भरतो का, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. मधला पूल अजून बांधायचाय. नायट्रोग्लिसरिनच्याच एका जेलची रेनोवरची चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांनी स्वतः दिलेला त्रासाचा गुणांक सुधारला, झटक्यांची संख्या आणि लांबी मात्र सुधारली नाही. तेव्हा "बरं वाटतं" हे खोटं नाही, पण ते नेमकं कशाचं बरं, हे विचारायला हवं.

जुनं_खोड

या विषयावर एक जुनी गोष्ट आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या पत्नीला हा आजार होता, तेव्हापासून यावर मिळेल ते वाचत आलोय.

डीएमएसओ नावाचं एक द्रावक आहे, मूळचं कारखान्यातलं. कातडीवर टाकलं की क्षणात आत शिरतं, यामुळे एके काळी त्याच्याभोवती चमत्काराचं वलय होतं. स्क्लेरोडर्माच्या व्रणांवर रामबाण म्हणून लोक ते वापरत. शेवटी अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून नीट चाचणी केली, १९८५ साली ती प्रसिद्ध झाली. ८४ रुग्ण, तीन गट. एकाला ७० टक्के डीएमएसओ, दुसऱ्याला २ टक्के, तिसऱ्याला साधं मिठाचं पाणी. हात त्यात बुडवायचे.

गंमत बघा, हे औषध लपवणार कसं? डीएमएसओ शरीरात गेलं की त्याचं एक गंधकयुक्त संयुग होतं आणि श्वासाला लसणीसारखा वास येतो. रुग्णालाही कळतं, समोर बसलेल्या डॉक्टरलाही कळतं. २ टक्क्यांचा मधला गट मला म्हणूनच हुशारीचा वाटतो. वास थोडाफार येणार, पण औषध नावापुरतं.

निकाल? व्रण भरण्यात तिन्ही गटांत फरक नाही. उलट ७० टक्क्यांच्या गटातल्या पाव भागाहून जास्त लोकांना कातडीच्या त्रासामुळे चाचणी सोडावी लागली. मिठाचं पाणी नसतं ठेवलं, तर "बघा, कितीतरी जणांचे व्रण सुधारले" म्हणून ते आजही विकलं गेलं असतं.

अनुभवाचे बोल यांना एवढंच म्हणेन, त्या काळातल्या लोकांचाही अनुभव खराच होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, की दोष कावळ्याचा आणि श्रेयही कावळ्याचंच.

अनुभवाचे_बोल

काका, पटलं. पण रागावले होते ते दुसऱ्याच कारणाने. माझा व्रण २ मिलिमीटरचा आहे. मोजपट्टीवर दिसतही नाही. तो इतका दुखतो की रात्री पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही. चाचणीत तो "लहान, किरकोळ" म्हणून लिहिला जाणार. मोजायचंच तर हे मोजा की.

मलमपट्टी

हे अगदी खरं. आकार आणि दुखणं यांचा मेळ बसतच नाही. टोकावरचा टाचणीच्या डोक्याएवढा व्रण माणसाला रडवतो.

दुखण्यावर वरून लावायचं काही आहे का असं कुणीतरी विचारेलच, म्हणून: व्रण साफ करण्याआधी बधिर करणारं लिडोकेनचं जेल लावून थांबतात, मग वरची मेलेली, चिकट पेशी काढतात. न बधिर करता खरवडणं हा छळ आहे, तसं कुणी करत असेल तर थांबवा. पण हे साफ करणं घरी ब्लेड घेऊन करायचं काम नव्हे. रक्त मुळातच कमी, त्यात जास्त खोल गेलं की व्रण मोठा होतो.

आणि दुखणं अचानक वाढलं, भोवती लाली आणि ऊब आली, तर आधी संसर्ग शोधायचा, मलम नंतर. टोकावर कातडी आणि हाड यात अंतरच किती! संसर्ग हाडापर्यंत जायला वेळ लागत नाही.

कोवळं_ऊन

मध लावतात ना जखमांवर? आणि हायड्रोजन पेरॉक्साइड?

मलमपट्टी

पेरॉक्साइड नको. फेस येतो तो बघायला छान, पण जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. पोव्हिडोन आयोडीनही स्वच्छ व्रणावर रोज रोज नको, ते संसर्ग असेल तेव्हा, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस. निओमायसिनच्या मलमाचीही सवय लावून घेऊ नका, बऱ्याच जणांना त्याची ॲलर्जी होते आणि मग व्रणाभोवतीची लाली औषधाची की जंतूंची हेच कळत नाही. मध जखमेवर लावायचा तर जखमांसाठी निर्जंतुक केलेला येतो तोच. खायच्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. आणि तो झोंबतो.

आकडेमोड

उशिरा आलो. पोटापाण्याला सांख्यिकी करतो, औषधांच्या चाचण्यांची आखणी हा त्यातला एक भाग. गारठा यांची वही फार उपयोगी आहे, त्यावरच सांगतो.

एकाच माणसाची दोन बोटं घेणं ही कल्पना मुळात चांगली आहे. थंडी तीच, गोळ्या त्याच, आजाराची तीव्रता तीच. दोन वेगळ्या माणसांत हे सगळं वेगळं असतं. या आजाराचे रुग्ण आधीच थोडे, त्यामुळे प्रत्येकाकडून जास्तीत जास्त माहिती काढायचा मोह संशोधकांनाही होतो. पण त्याचे दोन काटे आहेत. एक, तीन व्रण असलेला एक माणूस म्हणजे तीन माणसं नव्हेत. त्याचे तिन्ही व्रण एकत्रच सुधारतात किंवा बिघडतात, त्यांना सुटे धरून हिशेब केला की पुरावा आहे त्याहून मोठा दिसतो. जुन्या छोट्या अभ्यासांमध्ये मी हे आवर्जून तपासतो. दोन, औषध जर रक्तात जात असेल तर ते "औषध नसलेल्या" बोटालाही पोचतं. मग फरक पुसला जातो. नायट्रोग्लिसरिनसाठी तर ही आखणी मी कधीच निवडणार नाही, डोकेदुखी होतेय म्हणजे औषध बोटापुरतं राहिलेलंच नाही.

मग निवड. जास्त दुखणाऱ्या बोटाला खरं औषध दिलंत, तिथेच निकाल निम्मा ठरला. खोल व्रण उशिराच भरणार. नाणं उडवणं पोरकट वाटतं, पण आपली दया, आशा, घाई यांना निवडीतून बाहेर ठेवायचा दुसरा उपाय नाही.

आणि काळ. माणूस उपचार बदलतो तो व्रण सर्वांत वाईट असताना. तिथून पुढे तो बहुतेक वेळा सुधारणारच. त्यात तुम्ही थंडीत सुरू केलंत आणि आठ आठवड्यांत ऋतू पालटला. बाजूला तुलनेचा गट नसेल तर हवामानाचं श्रेय मलमाला जातं.

आता पोटात घ्यायच्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांकडे बघा, त्यातून एक फार महत्त्वाची गोष्ट कळते. बोसेंटनची पहिली मोठी चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली, १२२ रुग्ण. नवे व्रण ४८ टक्क्यांनी कमी झाले. दुसरी २०११ साली, १८८ रुग्ण, नवे व्रण ३० टक्क्यांनी कमी. पण असलेला व्रण भरायला लागणारा वेळ? काहीही फरक नाही. युरोपात २००७ साली त्याला मान्यता मिळाली तीही नवे व्रण कमी करण्यासाठी. मग त्याच कुळातलं मॅसिटेंटन आलं, २०१६ साली दोन चाचण्यांचे निकाल आले, त्यात नवे व्रणही कमी झाले नाहीत. सिल्डेनाफिलच्या फ्रान्समधल्या चाचणीत (तीही २०१६) व्रण भरायचा वेळ हाच मुख्य निकष होता आणि तो साधला नाही, व्रणांची संख्या मात्र औषधाच्या गटात कमी राहिली.

म्हणजे नवा होऊ न देणं आणि असलेला भरणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वरून लावायचं औषध बहुतांशी दुसऱ्या प्रश्नाला हात घालतं, आणि तिथेच मोठमोठी औषधं अडखळलीत. म्हणून मलमाच्या चाचणीकडून मी झटपट चमत्काराची अपेक्षा ठेवत नाही, पण ती करायलाच हवी असंही म्हणतो, कारण जागा रिकामी आहे.

शंकेखोर

यात आणखी एक भर. "व्रण" म्हणजे काय यावरच एकमत नव्हतं. २००९ साली संधिवाततज्ज्ञांना बोटांचे फोटो दाखवून "हा व्रण आहे का" असं विचारलं, तर एकेक डॉक्टर स्वतःच्या मताशी बऱ्यापैकी ठाम, पण डॉक्टरा-डॉक्टरांत फारसं जुळत नाही. खपली काढल्याशिवाय खाली काय आहे ते दिसत नाही, भेग आणि व्रण यांची सीमा धूसर. पुढे २०१७च्या सुमारास तज्ज्ञांनी मिळून व्याख्या ठरवली: वरची कातडी गेलेली आणि तिच्या तळाचा पडदाही फाटलेला. पण मोजणाऱ्यांचंच जुळत नसेल तर औषध चांगलं असूनही चाचणी आपटू शकते.

खडूचा_तुकडा

माझे व्रण वेगळेच आहेत. कातडीखाली चुन्याच्या गाठी होतात, त्या फुटतात आणि खडूसारखं पांढरं बाहेर येतं. एका चाचणीसाठी गेले होते, तुमचे व्रण चालणार नाहीत म्हणून परत पाठवलं. तेव्हा अपमान वाटला होता. आता हे वाचून थोडं कळतंय.

आकडेमोड

अपमान नव्हे, पण दुःख समजतं. आत खडा बसलेला असताना वरून लावलेल्या मलमाने व्रण बंद होईल अशी अपेक्षा धरणं त्या मलमावरही अन्याय आणि तुमच्यावरही. म्हणून अनेक चाचण्या चुन्याचे व्रण बाहेर ठेवतात. याची दुसरी बाजू मात्र कुणी बोलत नाही. उद्या औषध मान्य झालं की ते तुमच्यासारख्यांनाही दिलं जाईल, आणि तुमच्यावर ते कधीच तपासलेलं नसेल.

कोवळं_ऊन

व्हिटॅमिन ई जेलबद्दल कुठेतरी वाचलं होतं, खूप लवकर भरतात म्हणे?

शंकेखोर

इटलीतला २००९चा अभ्यास असणार. २७ रुग्ण. ड्रेसिंग करताना एका गटाला व्हिटॅमिन ईचं जेल, दुसऱ्याला नेहमीचंच ड्रेसिंग, जेल नाही. जेलवाल्यांचे व्रण कितीतरी आठवडे आधी भरले आणि दुखणंही लवकर थांबलं. आता वर मलमपट्टी यांनी व्हॅसलिनबद्दल जे लिहिलंय ते आठवा आणि सांगा, गुण व्हिटॅमिन ईचा की जेलचा?

कोवळं_ऊन

अरे हो! दुसऱ्या गटाला व्हिटॅमिन नसलेलं तेच जेल द्यायला हवं होतं.

शंकेखोर

बाई, तुम्ही सहा महिन्यांत आमच्या पुढे गेलात.

मलमपट्टी

एक विचारायचं राहिलं. गारठाताई, नायट्रोचं मलम लावत होतात कशाने? हातमोजा घालून, काडीने, की बोटाने?

गारठा

बोटाने. उजव्या तर्जनीला लावायचं म्हणजे डाव्या हाताने…

थांबा.

डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाने. म्हणजे मधल्या बोटाच्या टोकाला पट्टी असायची, पण पेराला मलम लागतच होतं. कधी पट्टी बदलायच्या आधी लावलं असेल तर सरळ व्रणावरही गेलं असेल. दोन महिने मी दोन्ही बोटांना नायट्रो लावत होते आणि एकाला व्हॅसलिनचं नाव देत होते.

घरात सगळे हसतायत. मीपण.

मलमपट्टी

म्हणूनच विचारलं. 😄 नायट्रोचं मलम उघड्या बोटाने लावूच नये, लावणाऱ्याच्याही अंगात जातं. नवरा-बायको एकमेकांना लावून देतात आणि दोघांचं डोकं दुखतं, हे मी पाहिलंय. तुमची डोकेदुखी दोन्ही हातांनी मिळून आणलेली होती.

जुनं_खोड

१९८५ साली वास येत होता म्हणून पकडता आलं. इथे वासही नाही.

आकडेमोड

माझ्या कामात याला गटांची सरमिसळ म्हणतात आणि ती कबूल करायला लोकांना वर्षं लागतात. तुम्ही एका प्रतिसादात केलीत.

चाचणीत भाग घ्यायचा का, हे तुमचे डॉक्टर आणि तुम्ही ठरवा. माझ्या घरचं कुणी जात असतं तर मी त्यांना काय विचारायला सांगितलं असतं ते लिहितो. सर्वांत आधी, दुसऱ्या नळीत, म्हणजे तुलनेच्या गटाला मिळणाऱ्या नळीत, काय आहे. तोच बेस औषधाविना असेल तर उत्तम, "नेहमीचा उपचार" असेल तर वरचा व्हिटॅमिन ईचा घोळ पुन्हा. सध्याच्या गोळ्या चालू ठेवता येणार की बंद करायला लावणार? बंद करायला लावत असतील तर मी दहा वेळा विचार करीन. व्रण चिघळला तर चाचणी बाजूला ठेवून ताबडतोब उपचार होणार का आणि तो निर्णय कोण घेणार? व्रण भरल्याचं कोण ठरवणार, ज्याला नळी माहीत नाही असा माणूस ना? आणि दुखणं, हाताने कामं करता येणं हे मोजणार की फक्त मिलिमीटर? हा शेवटचा प्रश्न अनुभवाचे बोल यांच्याकडून उसना.

अनुभवाचे_बोल

उसना नको, तसाच ठेवा. आणि मी आज रात्री हातमोजे घालून मलम लावणार आहे.

गारठा

परवा जाऊन आले. यादी कागदावर घेऊन गेले होते, तिथल्या बाईंनी कागद बघून विचारलं की तुम्ही यातलंच काही काम करता का. दुसऱ्या नळीत तोच बेस आहे, औषध नाही. निफेडिपिन चालू राहणार, नायट्रोचं मलम मात्र किमान चार आठवडे आधी थांबवावं लागेल. फोटो बघून व्रण भरला की नाही ठरवणारा माणूस वेगळा, त्याला नळीचा पत्ता नाही. दुखणं रोज एका तक्त्यात मीच भरायचं. चिघळलं तर काय, यावर त्यांचं उत्तर लांबलचक होतं आणि मला नीट समजलं नाही, म्हणून ते लेखी मागितलंय. ते आल्याशिवाय सही करणार नाही.

एक विचारायला विसरले होते, ते दारातून परत जाऊन विचारलं: मलम कशाने लावायचं. प्रत्येक वेळी नवा हातमोजा, पाकिटातच देतात म्हणाल्या.

तर्जनी काल बंद झाली. सांध्यावरचा, ज्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं आणि फोमच्या पट्टीवर सोडून दिला होता, तो कधी भरला ते वहीत नाहीच.